जिन्याखालचं गिऱ्हाईक

त्याने तिचा उजवा हात उचलून उशीवर नीट ठेवला, घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"चंद्र तुझ्या भाळावरचा, चांदणं तुझ्या डोळ्यांत..."

ती छताकडे बघत राहिली. डाव्या हातात कात्री होती, पाती दोऱ्याने घट्ट बांधलेली. कात्री हलली नाही.

"नाही ना जमलं?" त्याने विचारलं.

"बरं," ती म्हणाली.

अर्धांगाचा झटका आल्यापासून तिच्याजवळ एवढा एकच शब्द उरला होता. तहान लागली तरी बरं, कूस बदलायची असली तरी बरं, राग आला तर तोच शब्द जरा दाताखाली धरून. आयुष्यभर नवऱ्याला ज्या बाईने एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही, तिची ही गत झाली होती. पण गाण्याच्या बाबतीत तिचा शब्दावर कधीच भरवसा नव्हता. तिथे कात्री बोलायची.

खाली त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर राहती खोली. हात तेलात आणि डोकं यमकात, असं गल्लीत त्याच्याबद्दल म्हणत, आणि म्हणणारेच गुपचूप येऊन बाकावर बसत. कुणाला बायकोची समजूत काढायची असे, कुणाला मुलीची पाठवणी करायची असे, कुणाच्या मनातलं वर्षभर ओठांवरच अडलेलं असे. तो ऐकून घ्यायचा, मशीन उघडता उघडता चाल लावायचा आणि गाणं जुळलं की जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून ते मोठ्याने म्हणायचा. वर ती आपल्या मशीनवर शर्टांची काजं करत बसलेली असायची. आवडलं तर कात्री टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवायची. नाही आवडलं तर तिचं मशीन नुसतं चालू राहायचं, आणि त्या आवाजाची त्याला भल्याभल्यांच्या टीकेपेक्षा जास्त धास्ती होती. कात्री वाजल्याशिवाय त्याने एकही गाणं कुणाला दिलं नव्हतं.

बोलायला शिकवणारी बाई घरी यायची, तिने सांगितलं होतं की बोलणं गेलं तरी गाणं कधी कधी मागे राहतं. त्याने सहज म्हणून बेकरीवाल्याचं गाणं धरलं. एका मुलीपुढे त्या बिचाऱ्याची वाचा बसायची, तिच्यासाठी केलेलं. आणि पलंगावरून आवाज आला, स्पष्ट, एकही अक्षर न चुकता:

"तुझ्या खिडकीत दिवा, माझ्या वाटेला उजेड,
किती सांगू पावलांना, त्यांना लागलंय वेड."

त्या दिवशी तो आणि त्याची मुलगी दोघंही रडले. मग एकेक करत सगळी गाणी निघाली. ड्रायव्हरचं, दाईचं, तिच्या थोरल्या दिराच्या लग्नातलं. मुलीने डोळे पुसले आणि हौसेने विचारलं,

"बाबा, आता आईचं म्हणा ना. तिच्यासाठी केलेलं कुठलं?"

त्याने पाण्याचा तांब्या भरायला घेतला. तो भरलेलाच होता.

"तिला कशाला गाणं? ती काय कुठे लांब होती?"

मुलीने त्या भरलेल्या तांब्याकडे बघितलं. ते बघणं त्याला फार लागलं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. मेंदू हळूहळू मिटत चालला होता, सुधारणा होणार नव्हती. आजची समज उद्या असेलच असं नाही. दाईचं गाणं मधूनच तुटायला लागलं होतं. ड्रायव्हरचं तर आता सुरूच होत नव्हतं. तिला कळतंय तोवर एक गाणं तिचं म्हणून तिच्या कानावर पडावं, एवढीच त्याची इच्छा होती. आणि सगळ्या गावाचं प्रेम ज्याने जुळवून दिलं, त्याला आपल्या बायकोसाठी चार शब्द सुचत नव्हते. सुचले ते चंद्र आणि चांदणं, तेही उसने वाटणारे.

"बाबा, कात्री काढून घ्या हातातली," मुलगी म्हणाली. "लागेल तिला."

"दोरा बांधलाय. राहू दे."

"आणि हे रोज रोज कशाला? दमते ती."

"ती नाही दमत. मी दमतो."

मुलगी बाजारात गेली. दुपारची वेळ होती. खाली दुकान अर्धवट बंद, मशीनांवर कापडं टाकलेली. तो तिच्या शेजारी बसला. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर सुईचे जुने घट्टे पडलेले होते, ते तो अंगठ्याने दाबत राहिला. मग चालीचा विचार न करता, जवळजवळ बोलल्यासारखं म्हणाला,

"सुई तुझी, दोरा तुझा, माझं नुसतं गुणगुणणं,
उसवलेलं तू शिवलंस, आणि माझं मिरवणं."

तिने मान वळवली. त्याने पुन्हा म्हटलं, या वेळी सुरात. तिचे ओठ किंचित हलले. डावा हात पलंगाच्या लाकडी कडेपर्यंत सरकला आणि कात्री वाजली. एकदा. थोडं थांबून आणखी एकदा.

त्याला हसू आणि हुंदका एकदमच आला.

"जमलं? खरंच जमलं गं?"

"बरं."

तिचा चेहरा उजळला होता. तिने कात्रीसकट हात उचलला आणि जिन्याकडे बोट केलं.

"काय? पाणी हवंय?"

तिने बोट हलवलं. जिन्याकडे, खाली. "बरं, बरं," ती म्हणाली, जरा दाताखाली धरून. गिऱ्हाईक बाकावर ताटकळत असलं की ती अशीच डाफरायची.

त्याच्या ध्यानात आलं, तसा तो हळूच तिच्या जवळ सरकला.

"अगं, खाली कुणी नाहीये. हे तुझं आहे. तुझ्यासाठी केलंय मी."

भलत्या वेळी थट्टा करणाऱ्याकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं. बोट तसंच राहिलं.

"तुझं आहे गं. माझ्याकडून तुला."

आता ती कावरीबावरी झाली. डोळ्यांत पाणी जमलं. कुणाचं तरी काम अडून राहिलंय आणि हा माणूस उठत नाही, एवढंच तिला कळत होतं. तिची ती तगमग त्याला बघवेना.

"बरं बाई, देतो," तो म्हणाला आणि जिना उतरला.

खाली गिऱ्हाइकांचा बाक रिकामा होता. इतक्या वर्षांत तो त्यावर कधी बसला नव्हता, आज बसला. वरून तिच्या गाण्याचा आवाज आला. बेकरीवाल्याचंच होतं ते. उजेडापर्यंत आलं, अडखळलं, पुन्हा खिडकीपासून सुरू झालं आणि थांबलं. तो वाट बघत राहिला. पुढची ओळ आली नाही.

त्याने बाह्यांनी तोंड पुसलं आणि वर गेला. ती दाराकडेच डोळे लावून होती.

"दिलं," तो म्हणाला. "फार आवडलं त्यांना. म्हणाले, घरी नेऊन लगेच म्हणून दाखवतो."

"बरं," ती म्हणाली, आणि दिवसाचं काम संपल्यावर ठेवायची तशी कात्री उशाशी ठेवून दिली.