पूर्णिमाचा तांब्या आणि तो कागद

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे आणि स्वभावाने जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. लोणी काळभोरच्या सोजरबाईंनी मला हिंजवडीच्या भाचीच्या बारशासाठी घेतले आणि माझ्या पोटावर कोरून घेतले, 'चि. पूर्णिमा', खाली तारीख. बाळाच्या कानात नाव सांगितले तेही याच आत्याने. पुढे कित्येक वर्षे पूर्णिमा माझ्यातलेच पाणी प्यायची. पाहुणे माझी चकाकी वाखाणायचे.

मग गावात कंपन्या आल्या, घरात फ्रिज आला आणि त्याच्या दारात प्लॅस्टिकच्या बाटल्या मिरवू लागल्या. मी माळ्यावर गेलो. एखादी बाटली गळू लागली की मी मनातून खूश व्हायचो.

पूर्णिमा शिकून कंपनीत लागली. तिला परदेशी पाठवायचे ठरले. पासपोर्टसाठी जन्माचा दाखला हवा होता आणि तो तिच्या वडिलांच्या, सर्जेरावांच्या कपाटात कुलूपबंद होता.

"आधी जमिनीच्या हक्कसोडीवर सही कर, मग ने," ते म्हणाले. जमिनीला सोन्याचा भाव आलेला. लेकीचा वाटा त्यांना मुलाच्या नावावर करायचा होता. आईला विचारले, तर "त्यांनाच विचार बाई," म्हणून ती भाकऱ्या थापत राहिली.

पूर्णिमाने सही केली नाही. तिचा जन्म पुण्यातल्या दवाखान्यातला, म्हणून ती नवी प्रत काढायला महापालिकेच्या कचेरीत गेली. शाळेतल्या तारखेला नोंदच सापडेना. घरी येऊन तिने मला खाली काढले, तर माझ्यावरही तीच तारीख! दुसऱ्या दिवशी ती मला पिशवीत घालून पुन्हा गेली.

कारकुनाने चष्म्यावरून पाहिले. "मॅडम, हा तांब्या आहे, पुरावा नाही. तहान लागली असेल तर नळ बाहेर आहे."

रडवेली पूर्णिमा मला घेऊन आत्याकडे गेली. सोजरबाईंनी माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला. "आगं, ही बारशाची तारीख हाय! सर्जानं शाळेत नाव घालताना तांब्यावर बघून तीच सांगितली आसंल. बारसं बाराव्या दिशी झालं. मागं मोज की पोरी."

मागे मोजलेल्या तारखेला नोंद सापडली. शाळेची तारीख दुरुस्त करायला आता प्रतिज्ञापत्र लागणार होते, पण दाखला हाती आला. पूर्णिमाने तो छातीशी धरला, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून घातला. मी पिशवीच्या तळाशी. माझा नुसता जळफळाट झाला! वाट दाखवली मी आणि लाड त्या कालच्या कागदाचे?

ती दाखला दाखवायला आत्याकडे आली. आत्या तो हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिली. तिच्या नजरेतला हेवा मी लगेच ओळखला. तो माझ्या रोजच्या ओळखीचा.

"माझा जल्म कुठंच लिवलेला न्हाय," ती म्हणाली. "माझ्या नावाचा कागद एकच हाय. भावाला हक्क सोडून दिल्याचा."

 पूर्णिमाने मला चिंच लावून लख्ख घासले, पाणी भरले आणि आत्यापुढे ठेवले. आत्याला जन्मभर न मिळालेल्या त्या कागदाचा मला त्या दिवसापासून हेवा वाटेनासा झाला.

मित्रांनो, जुनी भांडी घासा न घासा. पण घरातल्या लेकीच्या जन्माचा कागद तिच्या हाती द्या आणि त्याच्या बदल्यात तिच्याकडे काही मागू नका.