जावयाचा पासवर्ड

टिंबकाकांचं डोकं संशयासाठीच घडवलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचा दोष नव्हता. माणूस उभं आयुष्य मुद्रितं तपासत बसला की त्याला बरोबर लिहिलेलं दिसेनासं होतं. दिसते ती फक्त चूक. एका सायंदैनिकात ते मुद्रितशोधक होते. कुठं एखादं टिंब राहिलं की ह्यांचा लाल पेन तिथं पोचलाच, म्हणून मालकांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना टिंबकाका म्हणायचे. जुन्या काळी तपासणी जोडीनं व्हायची. एकानं मोठ्यानं वाचायचं, अगदी स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद म्हणत, आणि दुसऱ्यानं मूळ कागदाशी ताडून पाहायचं. काका वाचणारे. आवाज खणखणीत. बायको म्हणायची, हा माणूस झोपेतसुद्धा पूर्णविराम देतो.

पुढं कचेरीत कॉम्प्युटर आले. बाकीच्यांनी हात झटकले आणि ते लचांड काकांच्या गळ्यात पडलं. काका चिकट. सोबत आलेलं माहितीपुस्तक घेऊन बसले, आधी त्यातल्या छपाईच्या चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या, आणि मग शिकले. जिन्याखालच्या खबदाडात एक जुनं मशीन ठेवलं, त्याला दोन मोडेम आणि दोन फोनच्या लाइनी जोडल्या. बातमीदारांनी घरून फोन लावायचा, मोडेमनं मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं किंचाळायचं, की बातमी थेट मशीनमध्ये. काकांना फार अभिमान होता त्याचा. फक्त एक गोष्ट राहून गेली होती. दाराला कडीच नव्हती! ज्याला नंबर ठाऊक तो आत. यावं, सगळ्यांच्या बातम्या वाचाव्यात, जावं.

आणि मग ह्यांच्या बातम्या समोरच्या गल्लीतल्या पत्रात येऊ लागल्या. ते पत्र निघायचं पहाटे. हे आपले संध्याकाळी ताजी बातमी म्हणून घेऊन येणार, आणि लोक म्हणणार, अहो, हे तर सकाळीच वाचलं की.

संपादकबाईंनी काकांना वर बोलावलं.

"काका, कुणीतरी आपल्या मशीनमधून बातम्या नेतंय. बाहेरचा आहे की घरचा?"

"ते कळेल," काका म्हणाले. "प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड देतो. तो दिल्याशिवाय मशीन कुणाला आत घेणार नाही. आणि कोण आत आलं त्याचं नाव पडद्यावर दिसेल."

"मग लावा. आणि नाव कुणाचंही निघो, मला येऊन सांगायचं. कुणाचंही."

हे 'कुणाचंही' बाई दोनदा का म्हणाल्या, ते काकांना बरोबर समजलं. शहर बातमीदार म्हणजे काकांचा सख्खा जावई. काकांनीच शब्द टाकून त्याला चिकटवला होता. आणि आता काकांच्या मनात पाल चुकचुकली ती त्याच्याच नावानं. समोरच्या पत्रातल्या एकाबरोबर तो चहा पिताना दिसला होता. काका खोलीत आले की फोनवर आवाज बारीक करायचा. आणि मुख्य म्हणजे तो कधी भांडत नसे. सासऱ्यानं कितीही टोचून बोलावं, ह्याचं आपलं "हो बाबा, बरोबर बाबा." न भांडणारा माणूस काकांना पहिल्यापासूनच खटकायचा. पोटात काय आहे ते कळणार कसं?

काम दुपारी निवांतपणे करायचं ठरलं. खबदाडाला एका बाजूला भिंत नव्हती, नुसती लाकडी फळी होती, आणि फळीपलीकडं जाहिरातवाल्याचं टेबल. हा जाहिरातवाला मोठा लाघवी गडी. घरून संध्याकाळी जाहिराती पाठवता याव्यात म्हणून त्यालाही एक मोडेम दिलेला होता. त्याचा रेडिओ दिवसभर चालू असायचा, पण काका कळफलकाशी बसले रे बसले की तो आपणहून बंद करायचा.

"चालू द्या काका तुमचं. आमचा गलका नको मध्ये."

काकांना अगदी भरून यायचं. ह्या कचेरीत रीत ठाऊक असलेला एवढा एकच माणूस उरलाय, असं ते बायकोला सांगायचे.

पासवर्ड काकांनी स्वतःच्या डोक्यातून काढले. एक शब्द आणि एक आकडा. क्रीडावाल्याला 'शाई चार', तालुक्याच्या बातमीदाराला 'खिळे नऊ'. मशीन पासवर्ड पडद्यावर दाखवत नसे. काही उमटायचं नाही, रिकामी ओळ, आणि खात्री म्हणून तेच पुन्हा एकदा विचारायचं. दोन्ही वेळेला जुळलं तर ठीक, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. काकांना ही पद्धत पसंत पडली. माणसांनाही असंच दोनदा विचारायला हवं, असं त्यांना वाटलं.

जावयाचं नाव आलं तेव्हा ते जरा थांबले. मग मनातला सगळा कडवटपणा बोटांत उतरला. त्यांनी त्याला पासवर्ड दिला 'घरभेदी सात'. दोनदा टाकला. मशीननं मुकाट्यानं घेतला.

संध्याकाळी प्रत्येकाला एकेकटं बोलावून मशीन कसं दोनदा विचारतं ते अभिमानानं सांगितलं, चिठ्ठी दाखवली आणि त्याच्यादेखत फाडली. जावयानं चिठ्ठी वाचली. मान वर करून सासऱ्याकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"छान आहे बाबा," तो म्हणाला. "विसरायची सोय नाही."

बघा! ह्यावरसुद्धा भांडला नाही. काकांची खात्री आणखी पक्की झाली.

त्यानंतर काका अंक निघून गेल्यावरही खबदाडात बसून राहू लागले. पडद्यावर एकेक नाव यायचं आणि जायचं. क्रीडावाला येऊन गेला, तालुक्याचा येऊन गेला. सगळे रीतसर, आपली बातमी टाकली की बाहेर. आणि एका संध्याकाळी, जाहिरातवाला नेहमीप्रमाणे लवकर घरी गेलेला, कचेरी सामसूम, तेव्हा मोडेम किंचाळला आणि पडद्यावर नाव उमटलं. जावयाचं! त्यानं बातमी टाकली नाही. उद्याच्या सगळ्या बातम्या उघडल्या आणि सावकाश वाचायला लागला.

सापडला! काका स्वतःशीच म्हणाले. पण नुसत्या एका पुराव्यावर भागवणारा हा माणूस नव्हे. तो आत असतानाच त्यांनी दुसऱ्या फोनवरून लेकीच्या घरचा नंबर फिरवला. लाइन गुंतलेली. पुन्हा फिरवला. गुंतलेली. म्हणजे घरून मोडेम लावून बसलाय लेकाचा! आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी समोरच्या पत्रात पाणीपुरवठ्याची बातमी छापून आली, ह्यांच्याच शब्दांत. काका तडक वर गेले. बाईंनी ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "तुम्ही स्वतः सांगताय, म्हणजे प्रश्नच मिटला." दुपारपर्यंत जावयाची नोकरी गेली होती.

जाताना तो खबदाडाच्या दारात येऊन उभा राहिला.

"तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, बाबा."

"विचारून चोर कबूल होतो का?"

तो निघून गेला. आपली पिशवी टेबलाशीच विसरला. त्या दिवसापासून लेक माहेरी फिरकली नाही. बायको काकांच्या ताटात भाजी वाढायची ती पळी आपटून वाढायची. "मी कर्तव्य केलं," काका म्हणायचे. ती म्हणायची, "जेवा."

जावयाच्या जागी नवा माणूस घेतला. त्याचं नाव मशीनमध्ये घालायला काका बसले त्याच दुपारी त्यांची लेक, चिमी, नवऱ्याची पिशवी न्यायला आली. बापाकडं बघायचीसुद्धा तिची इच्छा नव्हती. शिपाई पिशवी शोधायला गेला, म्हणून ती जाहिरातवाल्याच्या समोरच्या खुर्चीत टेकली. फळीपलीकडं कळफलक वाजू लागला. जाहिरातवाल्यानं तिच्याकडं बघून हसत हसत रेडिओ बंद केला आणि पेन्सिल उचलली.

थोड्या वेळानं काकांनी मान वर केली तर चिमी दारात. चेहरा पांढराफटक.

"इमानदार एक," ती म्हणाली.

काका उडालेच. "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही! दोनदा सांगितलंत. इ ऱ्हस्व, म ला काना, न, द ला काना, र. मग जागा सोडून एक. अहो बाबा, तुम्ही टाइप करताना मोठ्यानं वाचता! लहानपणापासून ऐकतेय मी. मला वाटलं, निदान इथं तरी गप्प बसत असाल."

"काहीतरीच! मी मनात वाचतो."

"मनात? उठा. उठा आधी."

तिनं बापाला दंडाला धरून पलीकडं नेलं आणि त्या खुर्चीत बसवलं. जाहिरातवाला "जरा पाणी पिऊन येतो" म्हणत उठला होता आणि त्याच्या टेबलावरच्या जुन्या जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलनं लिहिलेलं होतं, इमानदार एक. चिमी खबदाडात गेली आणि साध्या आवाजात, कुणाशी गप्पा माराव्यात तशी, बोलली:

"घ, र, भ ला मात्रा, द ला दीर्घ वेलांटी."

फळीतून अक्षरन् अक्षर आलं. तो रेडिओ का बंद व्हायचा, हे त्यांना आता समजलं. गलका नको म्हणून नव्हे. नीट ऐकू यावं म्हणून. आणि संध्याकाळी लवकर घरी जाऊन दुसऱ्याच्या नावानं आत शिरायला हा मोकळा!

तरी त्यांनी शेवटची काडी धरून पाहिली. "पण त्या संध्याकाळी तुमचा फोन गुंतलेला होता. मी स्वतः लावला होता."

"कुठल्या संध्याकाळी? पाणीपुरवठ्याच्या आदल्या?" चिमीचे डोळे भरून आले. "फोनवर मी होते बाबा. आईशी बोलत होते. हे तर घरी आलेसुद्धा नव्हते. तुमच्या स्वतःच्या घरात विचारलं असतंत तरी कळलं असतं. तुम्हाला विचारायचंच नव्हतं. तुम्हाला ते चोर हवे होते."

काका बसल्या जागी लहान झाले. त्यांना जावयाचे लाल कान आठवले. इतक्या वर्षांत लोकांच्या किती चुका काढल्या त्यांनी, आणि ही एवढी ढळढळीत स्वतःची, ती बोटांनी टाइप केली, तोंडानं वाचली, दोनदा वाचली, आणि दिसली नाही.

ते उठले आणि पाठकोरा कागद घेऊन वर गेले. बाईंपुढं कागद ठेवला आणि सगळं सांगितलं, स्वतःला न वगळता. बाईंनी कागद खणात ठेवला. "जाहिरातवाल्याचं मी बघते," त्या म्हणाल्या. "नव्या माणसाला दुसरीकडं घालते, तुमच्या जावयाची जागा मोकळी होईल. पण मी बोलावणार नाही, काका. तुमच्या शब्दावर काढला, तुमच्याच शब्दावर यायला हवा."

काका खाली आले. चिमी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"तू सांगशील त्यांना?"

"मी नाही सांगणार," चिमी म्हणाली. "मी त्यांना यायला सांगणारही नाही. तुमचं तुम्ही बघा."

कचेरीत एव्हाना कुजबुज पसरली होती. क्रीडावाला, शिपाई, कंपोजवाले, सगळे कामात असल्यासारखं दाखवत कान लावून होते. पूर्वीचे काका असते तर दार ओढून घेतलं असतं. त्यांनी दार उघडंच ठेवलं आणि नंबर फिरवला. ह्या वेळी लाइन मोकळी होती.

"हॅलो," जावयाचा आवाज आला.

काय म्हणावं ते सुचेना. शेवटी त्यांना येत होतं तसंच ते बोलले, जुन्या जोडीदाराला मुद्रित वाचून दाखवावं तसं, एकेक शब्द सुटा करून.

"जावईबापू, स्वल्पविराम. चूक माझी होती, पूर्णविराम. तुम्ही काही केलेलं नव्हतं, पूर्णविराम. मी तुम्हाला विचारायला हवं होतं, पूर्णविराम. माफ करा."

चिमी उठून उभी राहिली होती.

मग जावई म्हणाला, "बाबा, तुमचं मशीन दोनदा विचारतं ना?"

"हो."

"मग पुन्हा एकदा सांगा. दोन्ही वेळेला जुळलं तर येतो."

काकांनी डोळे पुसले, फोन नीट तोंडाशी धरला, आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा वाचलं, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.