माहितीपुस्तिकेतला खडा

पुण्याजवळच्या एका खासगी ख्रिश्चन विद्यापीठात माझ्या बहिणीला, खुशबूला, प्रवेश मिळाला. संध्याकाळी पाचच्या आत फॉर्मवर पालकाची सही पाठवायची होती, आणि आमच्या जैन घरात पालक म्हणजे दादाजी.

घेवरचंद दादाजींचं ओतूरला तांदळाचं दुकान. चाळीस वर्षं ते गोणीत पोकळ सळई खुपसून तळाचा तांदूळ काढतात. वरचा माल दाखवायचा असतो, म्हणे. म्हणून विद्यापीठाची माहितीपुस्तिकाही त्यांनी शेवटच्या पानापासून धरली. वरच्या पानावरचं चर्च, हिरवळ, हसणाऱ्या मुली, याकडे बघितलंसुद्धा नाही.

"दारू नाही," ते वाचत होते. "तंबाखू नाही. मांस नाही. अंडंही नाही. संध्याकाळचं जेवण साडेपाचला."

"म्हणजे आपल्यासारखंच की, दादाजी!"

"तेच खटकतंय. आपलं घर यांना आतून कुणी दाखवलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उगाचच "मी नाही" म्हणालो.

मग त्यांनी पान उजेडात धरलं, नखानं खरवडलं. ही प्रत फक्त आपल्यासाठी छापली असणार, असं त्यांचं मत पडलं. साडेचार वाजले. खुशबूचे डोळे भरले.

डोंगरातून तांदूळ घेऊन आलेले चिमाजीभाऊ दुकानात पोत्यावर ताटकळले होते. "शेठ, माझ्या मालात खडा निघाला की तुमी नाक मुरडता. हितं न्हाई निघाला, तरी मुरडता?"

"चिमाजी, एकही खडा नसलेल्या पोत्याला मी हात लावत नाही. ते कुणीतरी मुद्दाम निवडलेलं असतं."

खुशबूनं थेट विद्यापीठाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून दादाजींपुढे धरला.

"बाई, तुमच्याकडे बटाटा असतो का?"

"असतो. मुली त्याच्यावरच जगतात."

"कांदा?"

"रोज."

"लसूण?"

"त्याशिवाय चव कशी येणार, सर?"

दादाजींचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा सैल झाला. "निघाला खडा. माणसं खरी आहेत." त्यांनी सही ठोकली. "खुशबू, बटाटा बाजूला काढून खायचं."

पाचला चार मिनिटं कमी असताना फॉर्म गेला.

चिमाजीभाऊ गपचूप उठून रस्त्यावर गेले. येताना त्यांच्या मुठीत दोन खडे होते. इकडंतिकडं बघत त्यांनी ते स्वतःच्या पोत्यात सोडले.

"शेठ," ते म्हणाले, "आता माझं बघा."