कुंकू लावलेल्या मोटरी

शेषगिरीरावांना विचारल्याशिवाय त्यांच्या गोतावळ्यात कोणी मिक्सरसुद्धा घेत नसे. त्यांनी हयातभर इंजिनियरिंग कॉलेजात इंजिनं शिकवली होती, आणि निवृत्तीनंतर नातेवाइकांना शिकवत होते. त्यामुळे जावई प्राणेशने म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागर धरणाच्या फुगवट्यावर पर्यटकांसाठी स्पीडबोट चालवायचं ठरवलं, तेव्हा बोटीच्या पाठीला लटकवायची मोटर कोण निवडणार, हा प्रश्नच नव्हता.

शेषगिरीरावांनी उन्हाळाभर अभ्यास केला. टू-स्ट्रोक हलकी, पण धूर ओकते. फोर-स्ट्रोक जड, पण पेट्रोल बेताने पिते आणि आवाजही सभ्य. एक दांडगी घेतली तर वेग मिळतो. दोन मध्यम घेतल्या तर वेगही मिळतो आणि भरवसाही.

"एक बंद पडली तर दुसरी माणसं काठाला आणते, प्राणेशराव. पाण्यावर ढकलायला कोणी येत नाही."

सिद्धांत निर्दोष होता. दोन्ही मोटरी एकदम बंद पाडायला माणूस फार शिकलेला असावा लागतो.

मोटरी आल्या त्या ऐन दसऱ्यात. नवमीला म्हैसुरात कात्रीपासून बसपर्यंत प्रत्येक यंत्राची पूजा होते, मग जपानी फोर-स्ट्रोक कशा सुटतील? लष्कर मोहल्ल्यातल्या घराच्या अंगणात लाकडी घोडीवर दोघी टांगल्या गेल्या. त्यांच्या पत्नी नागरत्नाबाईंनी पंख्याच्या पात्यापात्यावर हळद-कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, कोहळा फोडला. सगळं यथासांग झालं. एवढ्यात मेव्हणे वेंकोबा म्हणाले, "भावोजी, सुरू होतात ना? की सुम्ने शोभेला?"

सुम्ने म्हणजे उगाच. या घरातलं मराठी असंच, निम्मं कन्नडकडून उसनं आणलेलं. पण टोमणा अस्सल होता.

"पाण्याचं पिंप आणा," शेषगिरीराव म्हणाले. कारण ही मोटर नदीचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते. कोरडी चालवली की आतल्या पंपाचं रबरी चाक जळतं. हे त्यांनी सगळ्या घराला ऐकवलं होतं, दूधवाल्यालाही.

"अय्यो! पाण्यात बुडवणार?" नागरत्नाबाई ओरडल्या. "कुंकू जाईल की हो! नवमीला कुंकू पुसतं का कोणी?"

शेषगिरीरावांनी एका बाजूला कुंकवाकडे पाहिलं, दुसऱ्या बाजूला वेंकोबांकडे. आणि किल्ली फिरवली. मग दुसरीही फिरवली. अंगण दणाणलं. बायकांनी आरती सुरू केली. प्राणेश केळीचे खांब घेऊन आत येत होता, तो दारातच थबकला.

"मामा, पाणी?"

"प्राणेशराव, आता इंजिन आम्हाला शिकवता?"

सगळे हसले. प्राणेशही हसला, जावई होता. आरती साग्रसंगीत झाली, सगळी कडवी म्हटली गेली. तोवर मोटरी चालू होत्या.

दसरा संपल्यावर परवान्याची चाचणी होती. हा परवाना बोटीचा नव्हता, ती चालवणाऱ्या माणसाचा होता. मिळाला तर प्राणेशचा दिवाळीचा आणि नाताळचा हंगाम. नाही तर बोट अंगणात. तपासणीचे साहेब काठावर आले आणि शेषगिरीरावांना पाहताच वाकून पायाच पडले.

"सर, तुम्ही! तुमच्यामुळेच इंजिन कळलं मला."

शेषगिरीरावांनी आशीर्वाद दिला. मग प्राणेश साहेबांच्या माणसाला घेऊन बोट पाण्यात घेऊन गेला. थोडं पुढे गेल्यावर एक मोटर किंचाळली, तिच्यामागोमाग दुसरी. दोघी तापून गप्प झाल्या. भरवशाच्या त्या जोडीला मासेमारीच्या होडीने दोरी बांधून काठाला आणलं.

साहेबांनी पंप उघडून घेतला. आतलं रबर पापडासारखं तुटून हातात आलं.

"कोरड्या चालवल्यात. कोणी चालवल्या?"

शेषगिरीरावांनी तोंड उघडलं. पण समोर तो उभा होता, ज्याला त्यांच्यामुळे इंजिन कळलं होतं. त्यांनी घसा साफ केला. तो बराच वेळ साफ होत राहिला.

"मी, साहेब," प्राणेश म्हणाला.

साहेबांनी मान हलवली. "घरात एवढा मोठा माणूस असताना? विचारायचं तरी!" आणि परवाना या हंगामाला नामंजूर केला. वर शेरा मारला: चालक बेपर्वा.

शेषगिरीरावांचा घसा अजून साफ होत होता.

घरी जेवताना नागरत्नाबाईंनी जावयाला काहीच म्हटलं नाही; जावयाला कसं म्हणणार? त्यांनी मुलीला ऐकवलं. "वनजा, तुझे बाबा कंठशोष करून सांगत होते, पाण्याशिवाय चालवू नका. आजकाल मोठ्यांचं ऐकतं कोण?"

प्राणेशने खाली मान घालून ताक वाढून घेतलं.

शेषगिरीराव ताटावरून उठले. हात न धुताच साहेबांना फोन लावला.

"अहो, त्या मोटरी मी कोरड्या चालवल्या. आयुधपूजेला. तो शेरा माझ्यावर मारा."

पलीकडून मग भरून आलेला आवाज. "सर, जावयासाठी स्वतःवर घेताय! अजून तस्सेच आहात तुम्ही. पण सर, नियम तो नियम."

"अहो, खरंच मीच—"

"लाजवू नका, सर. नमस्कार करतो."

मागे नागरत्नाबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. "बघ वनजा, कसं मन आहे तुझ्या बाबांचं!"

"अगं, तू होतीस ना तिथे!" शेषगिरीराव बायकोला म्हणाले. " तुझ्यासमोर चालवल्या!"

"हो की. देवासमोर किती छान चालल्या, सगळ्यांनी ऐकल्या. नंतर यांनी काय केलं, कोण जाणे." यांनी म्हणजे प्राणेशने.

तोवर प्राणेश हात धुऊन अंगणात गेला होता. नवा पंप बसवायला त्याने एक मोटर खाली उतरवली होती. एका हाताने ती तोलायची आणि दुसऱ्याने पाना फिरवायचा, हे काही जमत नव्हतं. शेषगिरीराव बाह्या सारून पुढे झाले. मोटर धरायला त्यांनी हात घातला.

"नको मामा," प्राणेश म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "शर्टाला तेल लागेल तुमच्या. तुम्ही बसा."

वनजाने खुर्ची आणून ठेवली. शेषगिरीराव बसले.