ऐकणाऱ्या मावशी

“अरे, आवाज गेलाय तुझा,” मावशी फोनवर म्हणाल्या. “केव्हापासून एकटाच बडबडतोयस.”

पलीकडे सायकलवाल्याने जीभ चावली आणि माइकची वायर घट्ट केली. त्याच्या दुकानामागच्या खोलीत चार हौशी मंडळींनी हे इंटरनेट रेडिओ केंद्र काढलं, तेव्हापासून मावशींचं काम एकच: घरी बसून ऐकायचं आणि आवाज गेला की फोन करायचा. कुणी गाणी लावी, कुणी बातम्या वाची. मावशी कणीक मळता मळता, कपडे वाळत घालताना, अगदी दाढ ठणकत असतानाही ऐकत. त्यांचा फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं केंद्रावर सगळे धरून चालत.

“जगाचं ऐकतेस, माझं कधी ऐकणार?” त्यांचा नवरा कुरकुरे. बस चालवून निवृत्त झालेला माणूस. रेडिओ लागला की मुद्दाम गॅलरीत जाऊन बसे.

आता मात्र तो प्रश्न मिटणार होता. पुढच्या आठवड्यापासून आवाज गेला की कॉम्प्युटरच कळवणार होता. मावशींना फार वाईट वाटलं. त्यांनी दोन दिवस भांडी जरा जोरात आपटली.

म्हणूनच असेल, सायकलवाल्याने वर्धापनदिनी केंद्राची गोष्ट सांगायला त्यांनाच बोलावलं. “जमलं तर दर रविवारी तुमचाच कार्यक्रम, मावशी.”

“मला ऐकायची सवय रे. बोलायचं कुठे जमतंय?”

“आम्ही आपापलं बोलून घरी गेलो. पहिल्यापासून सगळं ऐकलंय ते तुम्हीच.”

त्या दिवशी मावशी माइकसमोर बसल्या. मग हळूच सुरुवात केली. “पहिल्या दिवशी या चौघांतल्या नर्सबाई तासभर छान बोलल्या म्हणे. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मीच म्हटलं, अहो, मला तर काहीच ऐकू आलं नाही. माइक बंदच होता. कौतुक करणाऱ्यांपैकी कुणी ऐकलंच नव्हतं. तेव्हापासून हे काम माझ्या गळ्यात पडलं.”

खोलीतला फोन वाजला. मावशी बोलता बोलता थांबल्या. सायकलवाल्याने फोन घेतला, ऐकून खाली ठेवला आणि हसू दाबत तो कुजबुजला, “घरून काका होते. आवाज बारीक येतोय म्हणतात.”

 मावशींनी खुर्ची माइकजवळ ओढली.

“आता येतंय का ऐकू?” त्यांनी विचारलं आणि फोनकडे बघत थांबल्या.

फोन वाजला नाही.