सहांतला आखूड

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी आखूड आहे. झिजून नव्हे, मोडून नव्हे, कारखान्यातून निघालो तोच असा. माझ्या पाच भावांपेक्षा बोटाच्या पेराएवढा कमी. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

आम्ही सहा जण एका प्रवासी बोटीच्या आउटड्राइव्हमध्ये राहायचो. बोटीच्या मागे, निम्मा पाण्यात राहून जो भाग पंखा फिरवतो, तो आउटड्राइव्ह. त्याच्या पोटात तेलात बुडालेली दातेरी चाकं असतात. त्या पोटाचे दोन भाग आवळून धरायचे आणि पाण्याला आत येऊ द्यायचं नाही, हे आमचं काम. पाच भोकं खोल होती, सहावं उथळ. तिथे मी. वर्षानुवर्षं खारं पाणी अंगावर घेतलं, पण थेंब आत सोडला नाही. कौतुक कोणी केलं नाही. बोल्टाचं कौतुक करतं कोण?

बोट एक ताई चालवायची. दुरुस्ती तिच्या धाकट्या भावाकडे. हात चांगला, पण टापटिपीचा भारी सोस. त्याच्या हातरुमालांच्या घड्यासुद्धा एका मापाच्या. एकदा आउटड्राइव्ह उघडल्यावर त्याने आम्हाला ओळीने मांडलं आणि मला बघून नाक मुरडलं.

"हा कुणी घुसडला मध्येच? कुणीतरी वेळ मारून नेलेली दिसतेय."

मी, आणि घुसडलेला! त्याने सहा चकचकीत, सारख्या लांबीचे बोल्ट आणले. माझे भाऊ भंगारात गेले. मला ताईने घरी नेलं, कारण बाथरूमच्या आतल्या कडीची खीळ हरवली होती. समुद्राला अडवणारा मी आता त्यांच्या आईच्या आंघोळीची राखण करू लागलो. माझा नुसता संताप व्हायचा.

पुढचं सगळं मला शेजारच्या स्वयंपाकघरातल्या बोलण्यातून कळलं. आउटड्राइव्हमधलं तेल दूध घातल्यासारखं पांढरट निघालं, म्हणजे आत पाणी शिरत होतं. भावाने सांध्यातलं रबरी सील बदललं. पुन्हा बदललं. पुन्हा तेल पांढरंच. आणि एक दिवस आतली चाकं अडकून भरल्या बोटीचा पंखा मध्येच थांबला. दुसऱ्या बोटीने ओढून आणली, म्हणून सगळे काठाला लागले.

"माणसं माझ्या भरवशावर बसतात रे," ताई म्हणाली. "विकून टाकते बोट. मला नाही आता जमायचं."

दाराआडून मी ओरडत होतो, पण लोखंडाचं ओरडणं कोणाला ऐकू येतं!

भावाने आउटड्राइव्हचं ते धूड घरी आणलं आणि वर्तमानपत्र पसरून उघडलं. एकेक बोल्ट काढून तो उलटसुलट बघू लागला.

"ताई, इकडे बघ. पाच बोल्टांच्या डोक्याखाली आवळल्याची खूण आहे. या सहाव्याखाली नाही." त्याने भोकात तार घालून पाहिली. "भोकच उथळ आहे गं! हा तळाला टेकला, मला वाटलं आवळला. डोकं वरच राहिलं. तो आखूड कुठंय?"

"बाथरूममध्ये."

धावत येऊन त्याने दार ठोठावलं. "आई, कडीतला बोल्ट दे बाहेर!"

"आणि दार काय पायाने धरू? आंघोळ होऊ दे माझी!"

आईची आंघोळ यथासांग झाली. मग भावाने खराब चाकं बदलली आणि मला घासूनपुसून माझ्या भोकात बसवलं. त्याने पाना फिरवला, माझं डोकं घट्ट टेकलं आणि मला माझं घर मिळालं. पुढच्या वेळी तेल काढलं तेव्हा ते स्वच्छ होतं. ताईने ते बोटांवर चोळून पाहिलं आणि हसत बोट पाण्यात ढकलली.

तेव्हा मित्रांनो, एखादा रांगेत शोभत नाही म्हणून त्याला उचलून फेकू नका. आधी त्याचं भोक मोजा. माझ्यावरही उपकार म्हणून दया नको, माझी जागा तेवढी द्या.

तो लांब, चकचकीत सहावा आता बाथरूमच्या कडीत आहे. आई म्हणते, आधीच्यापेक्षा हाच बरा, दार नीट लागतं.

म्हणू दे. मला दार लावायचं नव्हतंच कधी.