फळ्यावरचा नऊ

लाज म्हणजे काय ते आज मला विचारा.

नगरच्या औषधाच्या कारखान्यात मी बाटल्यांना बुचं लावते. सरकत्या पट्ट्याच्या पलीकडच्या स्टुलावर आमचे हे बसतात. सगळा कारखाना त्यांना गिदोनभाऊ म्हणतो. फळ्यावर लिहिलेला त्या दिवसाच्या मालाचा नंबर आणि बाटलीच्या लेबलावरचा नंबर जुळतो का ते बघायचं, नाही जुळला तर बाटली बाजूला काढायची, हे त्यांचं काम. फोरमन राधाकृष्णसाहेब म्हणायचे, "गिदोननं सोडलेली बाटली मी परत बघत नाही." तेवढं ऐकलं की स्वारी घरी येईपर्यंत मिशीला पीळ देत असायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आज मुंबईहून मशीन आलं, आणि सोबत एक मद्रासी इंजिनिअर. लेबलाच्या कडेला काळ्या रेघा छापलेल्या. मशीन त्यांच्यावर उजेड टाकणार, रेघा मोजणार, नंबर बरोबर निघाला तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. बायकांनी लगेच त्याचं नाव विजेचा डोळा ठेवलं. आमच्या ह्यांचं डोकं सकाळपासूनच फिरलेलं. "बगतोच म्या, ह्यो डोळा काय दिवे लावतो ते," म्हणाले.

फळ्यावर रोज कारकून मराठीत नंबर लिहायचा. आज इंजिनिअरनं हौसेनं स्वतः लिहिला, इंग्रजीत. 9.

पट्टा सुरू झाला. मशीनचा दिवा हिरवाच्या हिरवा, आणि हे आपले एकेक बाटली उचलून बाजूला ठेवताहेत. खोक्यांवर खोकी भरली. इंजिनिअरला लेबलावरचे मराठी आकडे कळत नव्हते. तो बिचारा घामाघूम होऊन मशीनचंच झाकण उघडून बसला.

फोरमनसाहेब धावत आले. हे म्हणाले, "सायेब, फळ्यावर एक हाय, आन् लेबलावर नऊ मारलाय. बनुबाईनं पुन्हा घोळ घातला. आन् ह्या आंधळ्याला समदं हिरवंच दिसतंय."

बनुबाई लेबलांवर शिक्के मारते. अंगठाबहाद्दर, पदरात दोन पोरी, नवरा नाही. म्हणाली, "कारकुनानं जो शिक्का हातात दिला, त्योच म्यां मारला, सायेब."

"मागं तुला बजावलं होतं. आता गेटाबाहेर हो," साहेब म्हणाले. आमच्या ह्यांच्या नजरेवर एवढा भरवसा, की फळ्याकडं त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

मी मात्र फळ्याकडं बघितलं. मी मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले. हे दुसरीतूनच गुरांमागं गेले. इंग्रजी नऊ दिसायला आपला मराठी एकच की! त्यांना इंग्रजी आकडे येत नाहीत हे मला लग्नापासून ठाऊक. दवाखान्याच्या चिठ्ठीवरचा नंबर मीच वाचायची, आणि तो त्यांनीच वाचला असं दाखवायची.

चारचौघांत नवऱ्याची चूक काढायची कशी? बनुबाईनं शिक्का फडक्यानं पुसला, जागेवर ठेवला, डब्याची पिशवी उचलली. ती दारापर्यंत गेली तरी मी बुचंच लावत होते. थू माझ्या शिक्षणावर.

शेवटी मीच बोलले. "सायेब, तो एक न्हाई. इंग्रजी नऊ हाय."

साहेबांनी फळा बघितला. मागं कुणीतरी फिसकन् हसलं. आमचे हे हातात बाटली धरून तसेच उभे. साहेबांनी बनुबाईला परत बसवलं आणि ह्यांच्याकडं न बघताच म्हणाले, "गिदोन, उद्यापासून तू खोकी उचल. हे काम मशीन करील."

सुट्टी झाल्यावर रोज मी सायकलवर मागं बसते. आज हे सायकल हातात धरून चालत होते, मी मागून. मनात आलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रेल्वे फाटक बंद होतं. तिथं थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मला इंग्रजी येत न्हाई, हे तुला पयल्यापास्नं म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मंग शिकवलं का न्हाई?"

"तुमाला लाज वाटंल म्हनून."

गाडी गेली, फाटक उघडलं. हे जागचे हलले नाहीत.

"घरात वाटली आसती," ते म्हणाले, "तर एकट्या तुझ्यापुढं वाटली आसती, मरिया."